खुरासानच्या ठाणवया मशिदीतल्या की घरातल्या?

नमस्कार. प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण खुरासानच्या (आजचा ईशान्य इराण आणि अफगाणिस्तानचा भाग) ठाणवयांवरचा, म्हणजे दिवा ठेवायच्या उंच धातूच्या बैठकींवरचा, माझा लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचे आक्षेप दोन: मी पितळेला कांसं म्हटलं, आणि मशिदीतले दिवे उचलून लोकांच्या घरात नेऊन ठेवले.

पहिला बराचसा मान्य. तांब्यात कथील म्हणजे कांसं, जस्त म्हणजे पितळ, ही आपली सरळ वाटणी. बाराव्या शतकातल्या खुरासानी ओतीव कामात मात्र तांब्याबरोबर जस्त, कथील आणि शिसं अशी सरमिसळ सापडते. शिशामुळे रस साच्यात चांगला पसरतो. पत्रा ठोकून घडवलेले शमादान (मेणबत्तीची बैठक) बहुधा पितळेचेच. म्हणून संग्रहालयं हल्ली नुसतं 'ताम्र-मिश्रधातू' लिहून मोकळी होतात. मीही तेच लिहायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. एखादी ठाणवई मशिदीत जळलीही असेल. पण त्यांची घडण आणि त्यांच्यावर कोरलंय काय ते बघा. तीन पायांची बैठक, मधे खांब, वर दिवा ठेवायला तबकडी. आणि कडेने अरबी अक्षरांत बरकत, आनंद, इक्बाल (भाग्य), दौलत अशी शुभेच्छांची माळ. शेवटी बऱ्याचदा 'लि-साहिबिही', म्हणजे 'याच्या मालकाला'. (आपला 'साहेब' तो हाच. बरकत आणि दौलतही आपल्याकडे मुक्कामाला आल्याच.) मालकाचं नाव नसतं. का, तर माल बाजारासाठी घडवलेला. जो घेईल तो साहेब! इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलूक सुलतानांच्या काळातले मशिदीतले मीनाकारीचे काचेचे दिवे याच्याशेजारी ठेवून बघा. तिथे कुराणातली 'अल्लाह हा आकाशांचा आणि पृथ्वीचा प्रकाश' ही आयत येते, आणि दिवा देणाऱ्या सुलतानाचं किंवा अमिराचं नाव.

'सिंह-पक्षी कोरलेली वस्तू घरातली कशी असेल' असंही तुम्ही विचारता. उलट मशिदीतच ती खटकली असती, कारण तिथे सजीवांची चित्रं टाळत. रशियातल्या एर्मिताज संग्रहालयातली, खुरासानातल्या हेरात शहरात घडलेली बादली घ्या, 1163 सालची. तांब्या-चांदीच्या जडवकामात वादक आहेत, मद्य पिणारे आहेत, फासे टाकून खेळणारे आहेत. काही अक्षरांच्या उभ्या दांड्यांना तर माणसांची डोकी फुटलीत. ओतणाऱ्याचं आणि नक्षीकाराचं, दोघांचीही नावं तिच्यावर आहेत. आणि जिच्यासाठी घडवली ती असामी सुलतान नाही, एक व्यापारी.

धातूचं वाक्य आज दुरुस्त केलंय. 'घरगुती' हा शब्द तसाच ठेवलाय.