अमिरातीतल्या लग्नाला निघताना बॅगेत काय भरू नये

गेल्या डिसेंबरात आमच्या भाचीचे लग्न संयुक्त अरब अमिरातीत, रास अल खैमाला झाले आणि मुंबईहून आमचे वऱ्हाड निघाले. यंदा ओळखीतली दोन-तीन कुटुंबे तिकडच्याच लग्नांना निघाली आहेत, म्हणून हे मनापासून लिहीत आहे. व्हिसा, तिकिटे, हॉटेल यांची काळजी लग्नघर घेते. पाहुण्याने स्वतः पाहायची ती आपली बॅग, आणि त्याबद्दल कोणीच काही सांगत नाही.

निघायच्या आदल्या रात्री मावशीने रुखवताचा डबा आणून ठेवला. झाकण काढले, तर आत एका अंगाने खसखशीने गच्च भरलेल्या अनारशांची चळत. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. त्यामुळे अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि ती जवळ सापडली तर अटक होऊ शकते. मावशी चमच्याने खसखस खरवडू लागली, पण तुपात बसलेला तो बारीक दाणा काही सुटेना. शेवटी डबा शेजारी दिला. आठ दिवस खपून केलेले अनारसे होते ते. तिचा चेहरा मला अजून आठवतो. करंजीच्या सारणात आणि काही घरांच्या मसाल्यातही खसखस असते, तेव्हा फराळ करायला घेण्याआधीच हे ठरवावे.

ओटीचेही तसेच. सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून आपल्याकडच्या विमानतळांवर चेक-इन बॅगेत ते चालत नाही. आमच्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईतच काढून ठेवाव्या लागल्या. विड्याची पाने आणि पानाचे साहित्य तिकडे नेता येत नाही. हळकुंडे आणि अक्षता तेवढ्या न्याव्यात, नारळ तिथल्या दुकानांत मिळतो.

ज्येष्ठांच्या औषधांकडे मात्र सर्वांत आधी पाहावे, कारण ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेल्या वेदनाशामक गोळ्यांवर तिथे कडक नियंत्रण आहे आणि त्यांच्यासाठी तिथल्या सरकारची परवानगी आधीच ऑनलाइन घ्यावी लागते. गुडघेदुखीच्या पाकिटावरचे घटक डॉक्टरांकडून वाचून घ्यावेत आणि चिठ्ठी सोबत ठेवावी.

पाटल्या, तोडे, ठुशी हातातल्या बॅगेतच असू द्यावेत. जाताना विमानतळावर कस्टम्सला दागिने दाखवून निर्यात प्रमाणपत्र घेतले, की परतताना हे सोने तिकडून आणले का, असा प्रश्न उरत नाही; त्यासाठी पावत्या जवळ ठेवाव्यात आणि तासभर लवकर पोहोचावे. आहेराची पाकिटे रुपयांत नेणाऱ्यांनी माणशी 25,000 रुपयांची मर्यादा लक्षात ठेवावी.

माझी लग्नघरांना कळकळीची विनंती आहे की, हे सारे ठळक अक्षरांत, मराठीत लिहून पत्रिकेसोबतच, म्हणजे चकलीची भाजणी दळायला जाण्यापूर्वी, घरोघरी पाठवावे.