गणित सोडा म्हणे, कारण नव्वद पडले नाहीत!

दहावीचा निकाल लागला की नाशिकमधल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो : 'अकरावीला मॅथ्स घ्यावे का? पाच सोपे निकष.' गणितात नव्वदच्या खाली असाल तर सोडा. मुलींचा मेंदू भाषा आणि पाठांतराचा, त्यांना बायो द्या. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ नसतील तर पुढचं गणित झेपत नाही. आठवीपासून फाउंडेशन केलं नसेल तर उशीर झाला. आणि दहावी-अकरावीच्या गणितात जमीन-अस्मानाचा फरक असतो. खाली कॉलेज रोडवरच्या एका क्लासची 'मोफत क्षमता चाचणी' आणि मोबाइल नंबर. म्हणजे आधी घाबरवायचं आणि मग औषध विकायचं.

यंदा हा मेसेज माझ्या बहिणीपर्यंत पोचला. इंदिरानगरहून फोन, "दादा, हिला अठ्ठ्याहत्तरच आहेत रे, बायोच घेऊ दे ना मग?" फोन स्पीकरवर होता, भाची शेजारी बसून ऐकत होती. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, त्यामुळे डोकं जरा जास्तच फिरलं.

आधी नव्वदचं बघू. आपल्या बोर्डात बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. अंतर्गतचे मार्क शाळा किती सढळ हाताने देतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते पूर्ण धरले तर अठ्ठ्याहत्तर म्हणजे लेखीत ८० पैकी ५८ आणि नव्वद म्हणजे ७०. मधल्या १२ मार्कांवर पोरीचं पुढचं शिक्षण ठरवणार? ते मार्क गेले कुठे, हे कोणी विचारतच नाही. अर्थनियोजनात जीएसटीचं गणित चुकलं म्हणून अकरावीत लिमिट्स (कॅल्क्युलसची पहिली पायरी) अडत नाहीत. पण वर्गसमीकरणं आणि त्रिकोणमिती नुसती पाठ केलेली असेल तर पंच्याण्णववालाही दिवाळीच्या आधी गळपटतो. असे दर वर्षी वर्गात दिसतात.

आता मुलींचा मेंदू. हे वाचून खरंच संताप आला. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात जॅनेट हाइड आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या, दुसरी ते अकरावीच्या सत्तर लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे गणिताच्या चाचण्यांतले गुण त्यांनी तपासले. मुलगे आणि मुली यांच्या सरासरीत दखल घ्यावी असा फरक निघाला नाही. अमेरिकेतला अभ्यास आहे, मान्य. पण मेंदू अमेरिकेत एका जातीचा आणि सातपूरला दुसऱ्या जातीचा असतो, असं तर मेसेजवालाही म्हणणार नाही. मरियम मिर्झाखानी ही २०१४ साली गणितातलं फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिला गणित नीट जमत नव्हतं आणि शिक्षकांनाही ती विशेष हुशार वाटली नव्हती, हे तिनेच सांगितलंय. आपल्याकडे असती तर तिलाही कोणीतरी बायो दिलं असतं.

आणि खरं सांगायचं तर हा निकष मेसेज येण्याच्या आधीपासून घराघरांत लागू आहे. भावाला सत्तर पडले तर क्लास लावतात, बहिणीला ऐंशी पडले तर 'कशाला उगाच ताण' म्हणतात. चाचणीत मार्क गेले की माझ्या वर्गातले मुलगे म्हणतात, "पेपर अवघड होता सर." तितकेच मार्क गेलेली मुलगी म्हणते, "मला मॅथ्स येतच नाही." हे तिला कोणी शिकवलं? मेंदूने नक्कीच नाही.

पाढ्यांचं म्हणाल तर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या सीईटीत ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न सोडवायचे असतात, तिथे वेग लागतो, हे खरं. पण तो सरावाने येतो, आणि सत्तावीसचा पाढा कॅल्क्युलसमध्ये कुठे लागतो ते मला अजून सापडलेलं नाही. आठवीच्या फाउंडेशनबद्दल काय बोलायचं, ती सरळ जाहिरात आहे.

शेवटचा मुद्दा मात्र, नाइलाजाने का होईना, मान्य करतो. अकरावीची उडी मोठीच आहे. दहावीत सरावसंचातलंच उदाहरण आकडे बदलून येतं, अकरावीत अख्खी पद्धत स्वतः शोधावी लागते. म्हणूनच मुलं तयार आहेत का ते बघायला हवं, पण ते घरच्या घरी बघता येतं. √(९ + १६) किती, विचारा. उत्तर ५ आहे; ३ + ४ = ७ आलं तर काळजी करा, पण लगेच नाही. आधी "पडताळून बघ" म्हणा. स्वतःची चूक स्वतः सापडली तर पोर चालेल.

दुसरी चाचणी आपल्याच गावची. देवळालीच्या शाळेत मास्तरकी केलेल्या गणिती द. रा. कापरेकरांची. चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा : ५४३२ – २३४५ = ३०८७. तेच पुन्हा : ८७३० – ०३७८ = ८३५२. पुन्हा : ८५३२ – २३५८ = ६१७४. इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च. हे करून पोरगं नुसतं "झालं" म्हणतं की "प्रत्येक संख्येला असंच होतं का?" विचारतं, तेवढं बघा. भाचीला फोनवरच करायला लावलं. तिने मलाच उलट विचारलं, "मामा, ११११ घेतले तर?" शून्य येतं, आणि ते तिने मी सांगायच्या आत काढलं.

बहिणीला सांगितलंय, फॉर्ममध्ये मॅथ्स आणि बायो दोन्ही घ्या. आणि सुट्टीत त्या मोफत चाचणीला पाठवण्यापेक्षा आठवी ते दहावीचे अवयव, घातांक आणि त्रिकोणमिती पुन्हा करून घ्या, पुस्तक मिटून.