खुलासा : ‘अकरावी-बारावीला आता सरच उरले नाहीत’ हा मेसेज चुकीचा आहे

तासगाव, विटा भागातल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय : “देशात ५४ टक्के शिक्षक महिला. ज्युनिअर कॉलेजला सर संपले. पोरांनो, बी.एड. करू नका.”

आकडा खरा आहे, अर्थ साफ चुकीचा लावलाय. २०२४-२५ च्या यू-डायस प्लस (केंद्र सरकार देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करतं, त्या) अहवालात १ कोटी १ लाख शिक्षक आहेत, त्यांत ५४.२ टक्के महिला. पण ही बेरीज बालवर्गापासून बारावीपर्यंतची आहे! बालवर्गाला बहुतेक बाईच असतात. वरच्या वर्गांकडे जावं तसं सरांचं प्रमाण वाढतं. शिवाय सरांचा टक्का घसरला म्हणजे सरांची संख्या घटलीच असं नाही, कारण एकूण शिक्षकही वाढलेत.

‘महिला आरक्षणामुळे सरांच्या जागा गेल्या’ असंही काहीजण म्हणतात, तेही बरोबर नाही. महिलांचं आरक्षण ३० टक्के, समांतर आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच ते मोजलं जातं. खरं दुखणं वेगळं. २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने शिक्षक भरतीच थांबवली होती. आमच्या स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राचे सर निवृत्त झाले, त्यांचं कपाट अजून कुलूपबंद आहे आणि तास घेणारा तरुण तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, राबतोय. सरांची जागा कुठल्या बाईंनी घेतलेली नाही, ती भरलीच गेली नाही.

मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.