३०० मिलिसेकंदांचा वनवास

किराणा मागवायच्या अ‍ॅपमध्ये तुम्ही 'पोहे' टाइप करता तेव्हा चार बटणं दाबली जातात: प, ओकार, ह, एकार. प्रत्येक बटणाला सर्व्हरकडे धाव घेतली तर सर्व्हरवाले आमच्या जिवावर उठतील. म्हणून बोट ३०० मिलिसेकंद शांत बसलं तरच विचारायचं, असा साधा नियम. तो लिहायला एक दुपार पुरते. तो पाळला जातो हे सिद्ध करणारी टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, लिहायला मात्र मागच्या जन्मीचं पुण्य लागतं. त्यात अँड्रॉइडचं अ‍ॅप लिहायला कॉटलिन ही भाषा, आयफोनचं लिहायला स्विफ्ट. टीममध्ये दोन्ही येणारा मी एकटाच, त्यामुळे मॅडमनी माझ्याकडे बघून सांगितलं, "दोन्हीकडे सेम टेस्ट हवी हं."

कॉटलिनचा थाट वेगळाच. २०२१ च्या शेवटी टेस्ट चालवायला रनटेस्ट आलं, त्यातलं घड्याळ खोटं. डिले तासाभराचा असला तरी टेस्ट पापणी लवायच्या आत मोकळी. मी घड्याळ ३०० नं पुढे सरकवलं आणि रिक्वेस्ट मोजल्या. शून्य! चौकशीअंती कळलं की ३०० नं पुढे म्हणजे ३०० च्या अलीकडची कामं. बरोब्बर ३०० ला ठरलेलं काम वेळ झाली तरी जागचं हलत नाही, त्याला रनकरंट म्हणून वेगळी हाक मारावी लागते. मारली. तरी शून्यच, कारण आत कुणीतरी थेट आयओ डिस्पॅचर वापरला होता. डिस्पॅचर म्हणजे कुठलं काम कुठे धावेल ते ठरवणारा मुकादम. हा आयओ कामं खऱ्या थ्रेडवर, खऱ्या वेळेत पळवतो. आमच्या खोट्या घड्याळाशी त्याचं काही देणंघेणं नाही. टेस्ट म्हणते "आटोपलं सगळं", आणि आयओ अजून निघालेलाच नसतो. डिस्पॅचर बाहेरून द्यावा, हे त्या कोडच्या कर्त्याला सांगायला गेलो, तर त्याने नोकरी बदललेली. असा कोड लिहिणारे नेहमी वेळेत नोकरी बदलतात. त्यांचं सिंक्रोनायझेशन वाखाणण्यासारखं असतं.

स्विफ्टकडे एक्सपेक्टेशन असतं. मुदतीत 'झालं' असा निरोप आला की टेस्ट हिरवी, म्हणजे पास. पण पहिल्या तीन बटणांना रिक्वेस्ट गेली नाही, हे कसं दाखवायचं? त्यासाठी उलटं एक्सपेक्टेशन: काहीच घडत नाही ना, हे मुदत संपेपर्यंत बसून बघायचं. मुलाकडच्यांच्या नकारासारखं! तो कुणी कळवत नाही, दिवस उलटले की आपणच समजून घ्यायचं. आणि हे सगळं खऱ्या घड्याळावर.

माझ्या लॅपटॉपवर हिरवं, सीआयवर, म्हणजे सगळ्यांचा कोड आपोआप तपासणाऱ्या सामाईक मशीनवर, लाल. सीआयचं मशीन एकाच वेळी बरेच बिल्ड ओढत असतं. तिसरं बटण दाबून चौथ्याकडे वळेपर्यंतच त्याचे ३०० मिलिसेकंद उलटून जातात, आणि सर्व्हरकडे 'पोह' शोधायचा हुकूम सुटतो. मुदत वाढवून उपयोग शून्य. मग सगळे करतात तेच: री-रन. एखाद्या वेळी हिरवं होतं. "फ्लेकी आहे रे ती, कधी पास कधी नापास," एवढ्या भांडवलावर आमच्याकडे मोठमोठे फीचर मुख्य कोडमध्ये मर्ज झालेत.

स्विफ्टला २०२२ साली ५.७ या आवृत्तीत क्लॉक नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे घड्याळानं कसं वागावं याचा करार, आला. सोबत घड्याळं दिली ती मात्र खरी. खोटं हवं तर घरी बनवा. बनवलं. ३०० नं पुढे ढकललं. पुन्हा शून्य! मी घड्याळ ढकललं तेव्हा टास्क, म्हणजे ३०० झोपून मग रिक्वेस्ट पाठवणारा गडी, झोपायला पोचलाच नव्हता. तो नंतर आला, आडवा झाला आणि आपले ३०० नव्याने मोजायला लागला. आता तो जन्मभर झोपणार, कारण खोटं घड्याळ कुणी हलवल्याशिवाय हलत नाही.

यावर तोडगा म्हणजे ढकलण्याआधी टास्क डॉट यील्ड लिहायचं. अर्थ असा, की मी जरा बाजूला होतो, कुणाला पुढे जायचं असेल तर जा. कोण जाईल, जाईल की नाही, याची हमी भाषा देत नाही. एक यील्ड लिहिला तर टेस्ट मूडप्रमाणे चालायची. ओळीनं तीन लिहिले आणि हिरवी झाली ती झालीच.

कोडच्या रिव्ह्यूत मॅडमचा प्रश्न आला, "तीनच का?"

मी लिहिलं, "दोनला सीआय लाल होतं, आणि चार लिहायची लाज वाटली."

त्यांनी अंगठा दाखवला आणि मर्ज केलं.