बीथोवेन : एक चिकित्सक अभ्यास

पाश्चात्त्य अभिजात संगीतावर शोधनिबंध लिहायचाय ना? मग विषय चिमटीत मावणार नाही एवढी काळजी आधी घ्या. ‘बीथोवेन : जीवन आणि कार्य – एक चिकित्सक अभ्यास’ हे नामी. नऊ सिम्फनी, ३२ पियानो सोनाटा, ५६ वर्षांचं आयुष्य, सगळं बारा पानांत. चिकित्सा कुठे आहे असं कोणी विचारत नाही. ती शीर्षकात आलेली असते.

मार्गदर्शक म्हणतील, विषय जरा आटोपशीर घ्या. ऐकू नका. आटोपशीर विषयात काम करावं लागतं. उदाहरणार्थ, १८०९ साली आर्चड्यूक रुडॉल्फ, लॉबकोविट्झ आणि किन्स्की या तिघा उमरावांनी बीथोवेनला वर्षाला ४००० फ्लोरिन कबूल केले. अट एकच, त्याने व्हिएन्ना सोडून कासेलच्या दरबारी जायचं नाही. १८११मध्ये ऑस्ट्रियाने कागदी चलनाची किंमत एक पंचमांश केली. पुढच्याच वर्षी किन्स्की घोड्यावरून पडून गेला, लॉबकोविट्झ कर्जात बुडाला, आणि आपला महामानव थकबाकीसाठी कोर्टकचेऱ्या करत बसला. आता हा विषय घेतलात तर नाण्यांचे दर बघा, करारपत्र वाचा, पत्रव्यवहार चाळा. शिवाय थोर कलावंत पैशाचा हिशेब ठेवत होता हे छापावं लागेल. नकोच ते.

त्यापेक्षा बीथोवेनचं बहिरेपण घ्या. तो विषय नापास होत नाही. १८०२ साली हायलिगनश्टाट गावी त्याने भावांना उद्देशून लिहिलेलं, कधीच न पाठवलेलं पत्र आहे; त्यातलं आत्महत्येच्या विचाराचं वाक्य तेवढं उचला आणि प्रत्येक सुरावटीत तेच दुःख ओघळताना दाखवा. आनंदी रचना आडवी आली तर ‘दुःखावर मात’ म्हणा. ‘वेलिंग्टनचा विजय’ मात्र टाळा. १८१३मधली ती तोफा-बंदुकांची रचना त्या काळी तुफान गाजली, पैसाही मिळाला. तिच्यात ना दुःख ना मात, फक्त दणदणाट.

विषय फुलवायला ‘मूनलाइट सोनाटा’ हवीच. तळं, चांदणं, विरह, दोन पानं सहज होतात. ते नाव बीथोवेनने दिलेलं नाही, रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला त्यात तळ्यावरचं चांदणं दिसलं, ही माहिती तळटीपेतही नको. चांदणं विझतं.

आणि कृपा करून रचना ऐकायला बसू नका. ओपस १०६, म्हणजे त्याच्या प्रकाशित रचनांतली १०६ क्रमांकाची, अशी एक सोनाटा आहे; तिच्या सुरुवातीला त्याने मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजायच्या यंत्राचा, आकडा १३८ लिहिलाय. त्या वेगाला भलेभले पियानोवादक बिचकतात, म्हणून त्याचा मेट्रोनोमच बिघडलेला होता का इथपर्यंत वाद पोचलाय. असा एक आकडा हातात आला की सहा महिने गेले म्हणून समजा, आणि निबंधाला ‘जीवन आणि कार्य’ हे नाव देता येणार नाही ते वेगळंच.

पुरावे कमी पडले तर आदर्श म्हणून अँटोन शिंडलर डोळ्यांपुढे ठेवा. बहिऱ्या बीथोवेनशी बोलायला लोक वह्यांमध्ये लिहीत. त्याच्या मृत्यूनंतर त्या वह्या या माजी सचिवाच्या हाती आल्या. गड्याने कोऱ्या जागा हेरून मृत गुरूशी झालेले आपले संवाद मागाहून भरले! चरित्र लिहिलं, पाचव्या सिम्फनीत ‘नियती दार ठोठावते’ हेही त्याचंच सांगणं. बनावट नोंदी उघडकीला आल्या १९७७ साली. तोवर दीडशेच्या आसपास वर्षं जगभरचे विद्वान शिंडलरच्या ओंजळीने पाणी पीत होते. तुमचा व्हायवा जेमतेम वीस मिनिटांचा असतो.

शिंडलरने म्हणे ‘बीथोवेनचा मित्र’ अशी व्हिजिटिंग कार्डं छापली होती, अशी टवाळी कवी हाइनेने केली. निबंध स्वीकारला गेला की तुम्हीही छापून घ्या. ‘मित्र’ ऐवजी ‘तज्ज्ञ’ घाला, सेमिनारला तेच चालतं.