पैसे कंपनीचे म्हणून निकालही कंपनीचाच का?

काल रात्री मामांनी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड टाकला आणि मुद्दाम ताईला टॅग केलं, कारण ती फार्मसीत पीएचडी करते आणि तिच्या प्रोजेक्टला कंपनीचा पैसा आहे. कंपनीच्या पैशांतून होणाऱ्या संशोधनाबद्दलचा मजकूर असा, ‘ज्याचे पैसे त्याचा निकाल. मिस्त्रीने बांधलं म्हणून घर मिस्त्रीचं होतं का? निकाल नाही छापला तर कुणाचं काय बिघडतं? सही केली ना, मग गप्प बसा. आधी छापलं तर पेटंट जातं.’

मिस्त्रीचं राहू दे. भिंत कच्ची निघाली तर राहणाऱ्यांना सांगू नकोस असं त्याच्याकडून कोणी लिहून घेत नाही.

पण ‘काय बिघडतं’ हे वाचून डोकंच फिरलं. मामा, मामी रोज उपाशीपोटी थायरॉईडची गोळी घेतात ना, त्याच औषधाची गोष्ट ऐका. अमेरिकेत सिंथ्रॉइड हा महागडा ब्रँड, कंपनीनेच पैसे देऊन कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बेटी डाँग या संशोधिकेकडून स्वस्त गोळ्यांशी तुलना करून घेतली, १९९० पर्यंत काम संपलं आणि निघालं काय तर स्वस्त गोळ्याही तेवढ्याच चालतात. पेपर जामा या वैद्यकीय जर्नलमध्ये जानेवारी १९९५ला येणार होता, पण कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय छापायचं नाही असं कलम होतं, आणि केस झाली तर आम्ही पाठीशी नाही म्हणून युनिव्हर्सिटीच्या वकिलांनी हात वर केले, त्यामुळे ऐनवेळी पेपर मागे. छापून आला एप्रिल १९९७ला. स्वस्त गोळ्या वापरल्या तर वर्षाला ३५.६ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज त्याच पेपरात आहे, म्हणजे तोवर जास्तीचे पैसे कोणी भरले ते तुम्हीच बघा. आणि कहर म्हणजे मधल्या काळात कंपनीच्या माणसाने हाच डेटा घेऊन उलटा निष्कर्ष काढणारा पेपर स्वतः छापला!
(म्हणून मामींची गोळी उद्याच बदलू नका, डॉक्टरांना विचारा.)

सहीचं म्हणाल तर हो, डाँगबाईंनी सही केली होती, चुकलंच. पण असं कलम युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्याच नियमात बसत नव्हतं.

पेटंटचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. आधी छापलं तर पेटंट हातचं जाऊ शकतं, आपल्याकडे सूट फारच कमी. पण त्यासाठी पेटंटचा प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाकायचा आणि मग छापायचं, जन्मभर दाबून कशाला ठेवायचं? अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने १९९९ मध्येच ३० ते ६० दिवस थांबणं ठीक म्हटलंय.

ताईच्या अ‍ॅग्रीमेंटमध्येही ६० दिवसच आहेत मामा. टॅग करण्याआधी एक फोन केला असतात तर तिनेच सांगितलं असतं.