आम्हाला कुणी विचारलंच नाही

"सर्व्हे म्हणजे निव्वळ धंदा. आम्हाला तर आजवर कुणी विचारलं नाही." २०२४च्या निवडणुकांपासून आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे वाक्य फिरून फिरून येतं. मिरजेचा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, ते लिहितो, पुण्याच्या वहिनी दुजोरा देतात आणि कुणीतरी एक्झिट पोलवर कायमची बंदी घालायची मागणी करतं. इथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये बसून ते वाचताना माझं डोकं तापतं.

कारण हीच माणसं दुसऱ्या दिवशी छातीठोकपणे सांगतात की लोकसभेला दलित मतं संविधानाच्या मुद्द्यावर आघाडीकडे गेली, विधानसभेला लाडक्या बहिणींनी बाजी पलटवली, ओबीसी एकवटले. हे कळलं कुठून? ईव्हीएमचं बटण दाबणाऱ्याची जात यंत्राला कळत नाही, वय कळत नाही, शेती किती एकर ते कळत नाही. निवडणूक आयोगाचा फॉर्म २० फार तर अमुक बूथवर कुणाला किती मतं पडली एवढं सांगतो. त्या बूथवरच्या शेतमजुराने आणि बागायतदाराने वेगवेगळं मत दिलं का, हे समजून घ्यायचं तर त्यांच्या घरी जाऊन विचारावंच लागतं. ज्या सर्व्हेंना दादा बोगस म्हणतो, त्यांच्याच निष्कर्षांवर त्याचे सगळे राजकीय सिद्धांत उभे आहेत.

अंदाज चुकले हे खरंच आहे. २०२४च्या लोकसभेला ॲक्सिस माय इंडिया या सर्व्हे कंपनीने एनडीएला ३६१ ते ४०१ जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. कंपनीचे प्रमुख प्रदीप गुप्ता कॅमेऱ्यासमोर रडले ते सगळ्यांनी पाहिलं. सहा महिन्यांच्या आत महाराष्ट्राच्या विधानसभेत महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी २३० जागा घेतल्या, आणि तेवढ्या जागा बहुतेक वाहिन्यांना दिसल्या नव्हत्या. पण चुकल्यावर पुढे काय केलं, हा माझा प्रश्न आहे.

इथे ब्रिटनमध्ये ४ जुलै २०२४ला, संसदेच्या निवडणुकीच्या दिवशी, रात्री दहाच्या ठोक्याला बीबीसी, आयटीव्ही आणि स्कायचा एकत्र एक्झिट पोल आला. लेबर पक्षाला ४१० जागा. मोजणी संपली तेव्हा ४११. रिफॉर्म पक्षाला १३ सांगितल्या होत्या, मिळाल्या ५, म्हणजे सगळंच अचूक नव्हतं. पण पद्धत बघा. सुमारे १३० मतदान केंद्रं, त्यातली शक्य तितकी मागच्या निवडणुकीतलीच. मत देऊन बाहेर आलेल्या वीसेक हजार लोकांच्या हातात मतपत्रिकेची नक्कल देतात आणि ती त्यांनी पेटीत टाकायची. त्याच केंद्रावर मागच्या वेळेपेक्षा कुणाची मतं किती हलली, एवढंच मोजायचं आणि त्यावरून जागांचा हिशोब मांडायचा. २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमताला तुलना करायला मागचा पायाच नव्हता, म्हणून त्या रात्री या वाहिन्यांनी एक्झिट पोल केलाच नाही. गप्प राहण्याचा हा शहाणपणा मला फार मोठा वाटतो.

आता महाराष्ट्र बघा. २०१९ला एक शिवसेना, एक राष्ट्रवादी. २०२४ला दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, चिन्हं बदललेली, मित्र बदललेले. बदल मोजायचा तर कशापासून मोजायचा? त्यात लोकसभेला आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र ३० आणि १७. उरलेली एक आमच्या सांगलीची, अपक्ष विशाल पाटलांची. मुंबई वायव्यचा निकाल ४८ मतांनी लागला. ४८ मतांचा अंदाज जगातला कुठलाही नमुना देऊ शकत नाही, आणि तसं स्पष्ट सांगणारा एकही अँकर मला त्या दिवसांत दिसला नाही. नमुना किती, लोक निवडले कसे, प्रश्नाचे शब्द काय, कुणाच्या उत्तराला किती वजन दिलं, खर्च कुणी केला, यातलं काहीच पडद्यावर येत नाही. इथे ब्रिटिश पोलिंग कौन्सिल या सर्व्हे संस्थांच्या संघटनेच्या सदस्यांना ही माहिती जाहीर करावीच लागते. २०१५ला या सगळ्या संस्था एकदम तोंडघशी पडल्या होत्या. काट्याची लढत म्हणाल्या आणि कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या कॅमेरॉन यांना बहुमत मिळालं. मग त्यांनीच प्राध्यापक पॅट्रिक स्टर्गिस यांच्याकडून चौकशी करून घेतली. नमुन्यातच लेबरचे मतदार जास्त आणि कन्झर्व्हेटिव्हचे कमी आले होते, हा निष्कर्ष २०१६ला सगळ्यांसमोर मांडला.

आपल्याकडे काय झालं? ऑगस्ट २०२५मध्ये सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या लोकनीती या निवडणूक-अभ्यास उपक्रमाचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या काही मतदारसंघांतल्या मतदारसंख्येचे आकडे समाजमाध्यमावर टाकले. ते चुकले होते. त्यांनी ते काढले, जाहीर माफी मागितली. तरी गुन्हे नोंदले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाला स्थगिती द्यावी लागली. ते आकडे मतदारयाद्यांचे होते, लोकांना विचारून काढलेले नव्हते. पण आमच्या ग्रुपवर लगेच, "बघा, सगळे सर्व्हे असेच."

सीएसडीएस ही संस्था राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी १९६३ला उभी केली. मतदाराच्या घरी जाऊन, मतपत्रिकेची नक्कल आणि पेटी हातात देऊन विचारायचं काम लोकनीती वर्षानुवर्षं करते आहे. शिकलेला, खातापिता माणूस अधिक मतदान करतो हा पाश्चात्त्य देशांतला अनुभव भारतात लागू पडत नाही, आपल्याकडे गरीब आणि दलित मतदार हिरिरीने रांगेत उभा राहतो, हे नव्वदच्या दशकात याच अभ्यासांनी दाखवून दिलं. एवढी मोठी गोष्ट आपल्याला आपल्याबद्दल कळली, आणि आपण बोलतो फक्त जागांवर.

"हजार जणांवरून साडेनऊ कोटी मतदारांचं काय कळणार?" हा वहिनींचा प्रश्न. शितावरून भाताची परीक्षा त्या रोज करतात. पातेलं मोठं झालं म्हणून जास्त शितं चेपावी लागत नाहीत, भात सगळीकडे सारखा शिजलेला मात्र हवा. नमुना नीट निवडला तर हजार उत्तरांत साधारण तीन टक्क्यांची चूक राहते, सांगली जिल्हा घ्या नाहीतर अख्खा महाराष्ट्र. खरी अडचण वेगळी आहे. प्रश्न विचारणारा वस्तीत शिरला की भोवती दहा जण जमतात, बाईला विचारलं की उत्तर नवरा देतो, आणि बूथनिहाय निकाल जाहीर होत असल्यामुळे आपली वस्ती ओळखू येईल ही धास्ती असते. ब्रिटनमध्ये पेट्यांतली मतं एकत्र मिसळून मोजतात, त्यामुळे तशी धास्ती इथे नाही. आपल्याकडे यावर बोलायला हवं. बंदीने यातलं काय सुधारणार?

हे सगळं मी लिहिलं, तर दादाचं उत्तर आलं: "तू तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस. तुझं इथे मत तरी आहे का?"

ते लागलं. माझा पासपोर्ट भारतीय आहे. कॉमनवेल्थचा नागरिक म्हणून मी इथे संसदेला मत देतो, पोलिंग कार्ड घरी येतं, सर्व्हेवाल्यांचे फोन येतात. भारतात २०११पासून आम्हा परदेशस्थ नागरिकांना नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः बूथवर जावं लागतं. २०२४च्या लोकसभेला अशी २,९५८ माणसं गेली, त्यातली २,६७० केरळची. महाराष्ट्रातली फक्त १७. त्या सतरांत मी नव्हतो.

सर्व्हेसाठी फोन करणाऱ्या मुलीला मी एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांची, वेटिंग लिस्ट, घरभाडी, कौन्सिल टॅक्स असं सगळं नीट सांगतो. उत्तरं खरी असतात, पण त्यांत माझा जीव नसतो. अलमट्टी धरणाची उंची वाढवायच्या बेताबद्दल, कृष्णेचा पूर आला की बुडणाऱ्या पेठांबद्दल, उसाच्या दराबद्दल कुणी विचारलं तर मी तासभर बोलेन. पण ते विचारण्याच्या यादीत मी आता नाही, दादा आहे. त्याच्याकडून मला त्याच्या गल्लीचं सगळं कळतं. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या कामगाराने, जतच्या कोरडवाहू शेतात राबणाऱ्या बाईने कुणाला मत दिलं आणि का दिलं, हे त्यालाही ठाऊक नसतं. मला ते कळतं ते मतदानानंतर छापून येणाऱ्या त्या कोष्टकांतून, आणि माझ्या जिल्ह्याची तेवढीच खबर माझ्यापर्यंत पोचते.